मामांचा फॉर्म आणि नीतिसूत्रांचे वचन: जामीन राहावे का?

प्रश्न विचारणारे भाऊ नागपूरजवळ बुटीबोरीला एका कारखान्यात आहेत. हातात ३१,००० पगार येतो, पत्नी नर्स आहे, मुलगी चार वर्षांची. मामेभावाला मालवाहतुकीसाठी "छोटा हत्ती" टेम्पो घ्यायचा आहे. कर्ज ६ लाखांचे, आणि बँकेला जामीनदार हवा आहे. मामा फॉर्म घरी आणून ठेवून गेले. पत्नी म्हणते, बायबलमधले नीतिसूत्रे २२:२६ काढा, जामीन राहू नका असे स्पष्ट लिहिले आहे. आई म्हणते, मत्तय ५:४२ काढ, जो मागतो त्याला दे. वडील गेल्यावर भाऊंच्या शिक्षणाचा खर्च याच मामांनी केला होता. "शास्त्रच दोन गोष्टी सांगत असेल तर मी कोणाचं ऐकू? आणि नाही म्हटलं आणि मामांनी संबंधच तोडला तर?" असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, प्रभूच्या नावात सलाम.

तुम्ही जेवढे सांगितले त्यावरून माझे मत असे की सही करू नका, पण मामांकडे रिकाम्या हातानेही जाऊ नका. नुसते एवढे ऐकून तुमच्या घरातला वाद मिटणार नाही, कारण तिथे कर्जापेक्षा वचनावरून जास्त भांडण चालले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझे सांगतो. पाळक होण्यापूर्वी मी शाळेत मास्तर होतो. १९९४ मध्ये एका सहकाऱ्याने नोकरदारांच्या पतसंस्थेतून २०,००० रुपये काढले आणि मला जामीन राहायला सांगितले. मधल्या सुट्टीत सायकल स्टँडवर, त्याच्याच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मी सही केली. वाचला नाही. तो रोज माझ्याशेजारी डबा खायचा, त्याला नाही कसे म्हणायचे, एवढाच विचार होता. आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. वर्षाच्या आत तो नोकरी सोडून गेला आणि पतसंस्थेने माझ्या पगारातून कपात सुरू केली, दरमहा ६५० रुपये, ३४ महिने. त्या जूनमध्ये मोठीला नवा गणवेश घेता आला नाही. पत्नीने जुन्याच निळ्या फ्रॉकची खालची पट्टी उसवून तो चार बोटे वाढवला. पट्टी दुमडलेली होती तिथला कपडा आतून गडद राहिला होता, आणि मध्ये जुन्या शिवणीची रेघ. इस्त्री करकरून ती रेघ गेली नाही. रोज सकाळी मुलगी शाळेत निघाली की मला आधी ती रेघ दिसायची.

पैसे गेले याचे दुःख मी केव्हाच विसरलो. पण त्या तीन वर्षांत माझ्या मनात त्या माणसाबद्दल जे साचले ते पैशांपेक्षा महाग पडले. प्रभुभोजनाला उभा राहायचो तेव्हा त्याचेच तोंड समोर यायचे. मी त्याच्यावर प्रेम म्हणून सही केली असे लोकांना सांगत होतो. खरे पाहता ती भिडेपोटी केली होती, आणि भिडेपोटी दिलेले माणूस मनातून परत मागतच राहतो.

आता वचनांकडे येऊ. तुमच्या पत्नीने काढलेले वचन बरोबर आहे, आणि ते एकटे नाही. नीतिसूत्रांत जामीनकीबद्दल ६:१-५, ११:१५, १७:१८, २०:१६, २२:२६-२७ आणि २७:१३ इतक्या ठिकाणी सांगितले आहे. एका लहानशा पुस्तकात एकाच व्यवहाराबद्दल सहा वेळा सांगावे लागते, याचा अर्थ त्या काळी घरोघरी हे घडत होते. मूळ इब्रीत त्यासाठी हातावर हात मारणे असा शब्दप्रयोग आहे. बैलबाजारात रुमालाखाली हात धरून सौदा पक्का होतो, तसाच तो प्रकार. कागद नाही, साक्षीदार समोर, आणि हात दिला की माणूस बांधला गेला. २२:२७ मध्ये विचारले आहे की फेडायला काही नसले तर तुझ्या अंगाखालचे अंथरूण तो का ओढून नेईल? ही अतिशयोक्ती नव्हती. ज्याच्याजवळ काहीच उरले नाही त्याचे पांघरूणही गहाण जात असे. म्हणून तर निर्गम २२:२६-२७ मध्ये देवाची आज्ञा आहे की शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतलेस तर सूर्य मावळण्याआधी परत कर, तो दुसरे काय अंगावर घेऊन निजेल? बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात आणखी आहे: सावकाराने गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये, दाराबाहेर उभे राहावे. आणि जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण त्यावर घर जेवते.

आपल्या देशाच्या कायद्यातही हीच काळजी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे ऋणकोचे आणि त्याच्या बायकामुलांचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सोडावे लागतात. पण राहिलेला एक तृतीयांश जप्त होऊ शकतो. तुमच्या पगारावर तो दरमहा १०,००० च्या घरात जातो. अंथरूण वाचेल, पण मुलीच्या शाळेची फी वाचेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट मामांनाही ठाऊक नसेल, कारण बहुतेकांना नसते. लोक म्हणतात, "अरे, सही नुसती नावाला आहे, बँक आधी त्यालाच धरेल." १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ तसे म्हणत नाही. त्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली आहे. करारात वेगळे काही लिहिले नसेल तर कर्जदाराला पूर्ण निचोडून झाल्यावरच बँकेने तुमच्याकडे यावे असे बंधन नाही. तुम्ही फेडलेत तर ते पैसे मामेभावाकडून वसूल करण्याचा हक्क कलम १४५ तुम्हाला देते. पण मामेभावावर दावा लावून तो हक्क वापरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. शिवाय हे कर्ज तुमच्या सिबिलच्या, म्हणजे बँका पाहतात त्या कर्जफेडीच्या, नोंदीतही दिसते. उद्या तुम्ही स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेलात तर ते समोर येणार.

११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर ६ लाखांचा हप्ता सुमारे १३,००० येतो. तो तीन महिने थकला तर तुमचा सव्वा महिन्याचा पगार गेला. आकडा कागदावर मांडून पाहा, दोघांनी मिळून.

मग आई चुकते का? नाही. मत्तय ५:४२ प्रभूचे शब्द आहेत, त्यांना मी पाणी घालणार नाही. लूक ६:३५ मध्ये तर परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या असे म्हटले आहे. पण दोन्ही वचने शेजारी ठेवून नीट पाहा. प्रभू म्हणतो, दे. म्हणजे तुझ्याजवळ आहे ते दे. नीतिसूत्रे ज्याला अडवतात त्यात देणे होतच नाही. तिथे आपल्याजवळ नसलेले, पुढच्या पाच वर्षांत मिळेल की नाही ठाऊक नसलेले, दुसऱ्याच्या हातात असलेले, असे काहीतरी आपण आपले म्हणून कबूल करतो. याकोबाच्या पत्रात ४ थ्या अध्यायात म्हटले आहे की उद्या काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही. आणि देण्याच्या बाबतीत नीतिसूत्रे प्रभूपेक्षा कंजूष नाहीत. ३:२७-२८ काढा: हातात असताना शेजाऱ्याला "जा, उद्या ये" म्हणू नकोस. १९:१७ मध्ये तर गरिबावर दया करणारा परमेश्वराला उसने देतो असे आहे. जामीन राहू नकोस म्हणणारे आणि उद्यावर ढकलू नकोस म्हणणारे पुस्तक एकच आहे.

मला सगळ्यात जास्त काय वाटते ते इथे सांगतो. नीतिसूत्रांकडे आपण नियमांच्या यादीसारखे पाहतो. २६:४ मध्ये लिहिले आहे, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. लगेच २६:५ मध्ये, दे. कोणाची चूक झाली म्हणून ती दोन वचने एकाखाली एक आलेली नाहीत. मुद्दाम ठेवली आहेत. शिकणाऱ्याने समोरचा माणूस कोण, वेळ कोणती, हे पाहून ठरवायला शिकावे म्हणून. तुमच्या प्रश्नाबाबतही तसेच आहे. १७:१८ मध्ये शेजाऱ्यासाठी जामीन राहणाऱ्याला बुद्धिहीन म्हटले आहे. त्याच्या बरोबर वरचे वचन, १७:१७, वाचा: मित्र सर्व काळी प्रीती करतो आणि भाऊ विपत्काळासाठी जन्मलेला असतो. तुमच्या आईचे म्हणणे आणि तुमच्या पत्नीचे म्हणणे एकाच पानावर, हाताच्या अंतरावर आहे. दोन्ही एकदम पाळता येतील असा मार्ग शोधणे, यालाच ते पुस्तक ज्ञान म्हणते. आणि त्याच २६ व्या अध्यायात ९ वे वचन आहे: मूर्खाच्या तोंडचे सुवचन म्हणजे मद्यप्याच्या हातात रुतलेला काटा. घरात एकमेकांवर वचने फेकायला लागलो की काटा हातातच असतो आणि टोचतो सगळ्यांना. ज्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारतातल्या सहा ख्रिस्ती मंडळ्या आपापले भेद बाजूला ठेवून एक झाल्या, तिथल्या एका घरात दोन वचनांवरून सासू-सुनेचा अबोला व्हावा, हे मला फार लागते.

आता जामीन राहणे हे पापच का, असेही कोणी विचारील. नाही. शास्त्रात जामीन राहिलेली माणसे आहेत, आणि त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

उत्पत्तीच्या ४२ व्या अध्यायात याकोबाच्या मुलांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, धान्य आणायचे आहे आणि धाकट्या भावाला, बन्यामिनाला, बरोबर नेल्याशिवाय ते मिळणार नाही. याकोब मुलाला सोडायला तयार नाही. थोरला रऊबेन म्हणतो, मी त्याला परत आणले नाही तर माझे दोन मुलगे मारून टाका. याकोब ऐकत नाही. पुढच्या अध्यायात, धान्य संपल्यावर, यहूदा बोलतो: मी त्याला जामीन होतो, माझ्याच हातून त्याला मागा. आणि याकोब मुलाला पाठवतो. मी ही दोन वचने कितीदा तरी वाचली असतील, पण रऊबेनाचे बोलणे यहूदापेक्षा हलके का पडले हे मला त्या ६५० रुपयांच्या कपातीनंतर कळले. रऊबेनाने स्वतःला पणाला लावलेच नाही, मुलांना लावले. मीही तेच केले होते. माझी सही होती, पण पणाला लागला होता मोठीचा गणवेश. तिला कोणी विचारले नव्हते.

यहूदाचे तसे नव्हते. ४४ व्या अध्यायात खरीच वेळ येते, तिथल्या अधिकाऱ्याचा प्याला बन्यामिनाच्या गोणीत सापडतो, तेव्हा यहूदा पुढे होऊन म्हणतो, याच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा. हाच तो यहूदा, ज्याने काही वर्षांपूर्वी आपल्याच भावाला, योसेफाला, विकायची युक्ती काढली होती. फिलेमोनाच्या पत्रात त्याच्या अनेसिम नावाच्या दासाबद्दल लिहिताना पौलही तसाच: त्याचे तुझे काही देणे असेल तर माझ्या खात्यावर मांड, मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. "तो फेडील, काळजी करू नकोस" असे पौल म्हणत नाही. आणि इब्रीकरांस पत्राच्या ७:२२ मध्ये येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. त्याने ते देणे दुसऱ्या कोणाच्या पगारातून कापून दिले नाही, स्वतःच्या देहाने दिले. यहूदाने वापरलेल्या इब्री शब्दाच्याच मुळातून जो शब्द निघाला तो ग्रीकमध्ये जाऊन इफिसकरांस १:१४ मध्ये आला, आणि आपल्या मराठी बायबलमध्ये त्याला "विसार" म्हटले आहे. प्लॉट घेताना आपण देतो तोच. मागून पूर्ण रक्कम येणार म्हणून आधी दिलेला.

म्हणून माझ्याकडे कोणी असा फॉर्म घेऊन आला की मी एकच विचारतो: सही करताना ही रक्कम आजच गेली असे धरता येते का? ६ लाख गेले, आणि तरी मामेभाऊ दारात आला तर "ये, जेव" म्हणता येईल का? येत असेल, आणि पत्नीही तेच म्हणत असेल, तर खुशाल सही करा, ती दानासारखीच आहे. मंडळीतल्या एका विधवा बाईंनी भाच्याच्या शिलाई मशीनच्या कर्जाला अशी सही केलेली मी पाहिली आहे. १२,००० चे कर्ज होते, आणि त्यांनी तेवढे आधीच कपाटात वेगळे काढून ठेवले होते. भाच्याने फेडले. नसते फेडले तरी त्यांची झोप मोडली नसती. तुमच्या बाबतीत तसे नाही, हे तुमचा प्रश्नच सांगतो.

पत्नीबद्दल एक शब्द. तुम्ही लिहिले की "तिला घरातलं काय कळतं पैशाचं, पण वचन दाखवते." भाऊ, हे मनातून काढून टाका. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातली स्त्री शेताचा विचार करून ते विकत घेते, आपल्या कमाईने द्राक्षमळा लावते. तो अध्यायच मुळी लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेला उपदेश आहे. तुमच्या घरात तिचाही पगार येतो. तिच्या संमतीशिवाय केलेली सही ही रऊबेनाची सही.

आता मामांचे. त्यांनी तुमच्या शिक्षणाला पैसा लावला, ते तुमच्यावर खरे ऋण आहे आणि ते विसरू नका. रोमकरांस १३:८ म्हणते की प्रीतीखेरीज कोणाचे ऋणी राहू नका. पण ते मामांचे मामांना फेडा, बँकेच्या कागदातून नको. दोघांनी बसून पाहा, न परत मागता काय देता येईल. ४०,००० असतील तर ४०,०००. तेवढ्याने गाडीच्या सुरुवातीच्या रकमेला हातभार लागतो. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, त्यात छोट्या धंद्यासाठी तारण न घेता कर्ज मिळते आणि मालवाहू गाडीही बसते. एक दिवसाची रजा टाकून मामेभावाबरोबर स्वतः बँकेत जा, कागद करून द्या. पहिली सहा महिने दर महिन्याला त्याच्याबरोबर हिशेबाची वही घेऊन बसा, डिझेल किती, टायर किती, हप्त्याचे वेगळे काढले का. कारखान्यात हिशेब तुम्ही रोज पाहता, त्याला ती सवय नाही. हे जामीनकीपेक्षा जास्त कष्टाचे आहे, आणि मामेभावाला याचीच जास्त गरज आहे.

आणि लांबवू नका. ६:३-५ मध्ये जामीन राहून बसलेल्या माणसाला सांगितले आहे: जा, नम्र हो, शेजाऱ्याच्या मागे लाग, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, हरिण शिकाऱ्याच्या हातून सुटते तसा सुट. तुम्ही तर अजून सही केलेली नाही, तुमचे सोपे आहे. पण फॉर्म टीव्हीच्या टेबलावर पडून राहिला की मामा त्याला होकार समजतील आणि मामेभाऊ गाडी बुक करून मोकळा होईल. मग तुमचा नकार त्याला खड्ड्यात ढकलल्यासारखा होईल. येत्या रविवारी उपासनेनंतर जा. फोनवर सांगू नका, आईला पुढे करू नका. पत्नीला बरोबर न्या, पण "ही नाही म्हणते" असे चुकूनही म्हणू नका. म्हणा, "मामा, मी सही करणार नाही. माझ्यात ती झेपायची ताकद नाही. हे एवढं आमच्याकडून आहे, हे परत द्यायचं नाही. आणि बँकेत मी बरोबर येतो." तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असावे, असे प्रभूने म्हटले आहे ते अशाच वेळेसाठी. "बघतो", "विचार करतो" असे म्हणून बाहेर पडू नका.

मामा रागावतील का? रागावतील. "सख्खा भाचा असून सही नाही करून राहिला," हे नागपूरच्या सदर वस्तीपासून मंगळवारी वस्तीपर्यंत सगळ्या नातेवाइकांत फिरेल. कदाचित सहा महिने बोलणार नाहीत. तुम्ही उलट बोलू नका, आणि शिक्षणाला लावलेला पैसा त्यांनी काढून दाखवला तर "हो मामा, तुम्हीच शिकवलं" एवढेच म्हणा, कारण ते खरे आहे. मामींची तब्येत विचारायला नेहमी जाता तसे जात राहा. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा दरवर्षी त्यांच्याकडे नेता ना, तो यंदाही न्या, दार कोणीही उघडो.